सहा साड्यांचा डबा

सासूबाई आषाढात गेल्या आणि दसऱ्याच्या आत मी त्यांचं कपाट रिकामं केलं. साफसफाईच्या यादीत ते होतंच: माळा, पडदे, गाद्या, आईंचं कपाट. चांगल्या साड्या नणंदेला दिल्या. रोजच्या सहा सुती नऊवारी उरल्या, धुऊन धुऊन विरलेल्या. डोंबिवलीत तेव्हा जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दर आठवड्याला दारावर यायची. तिने एक साडी उजेडाकडे धरली.

"ताई, ह्यात हाय काय? बोट घातलं तर पल्याड निघतंय. वाटी देते."

"सहा साड्यांना वाटी? ठेव मग इथेच. तो झाकणाचा डबा दे."

"डबा? मग सायबाची एक पँट टाका वर."

पँट टाकली, डबा घेतला, यादीवर काट मारली. सासरे तेव्हा वाचनालयात गेले होते. संध्याकाळी यांनी विचारलं, "बाबांना विचारलंस का?"

"विरलेल्या साड्यांचं काय विचारायचं?" मी म्हणाले आणि कुकर लावला.

दिवाळीपर्यंत शेजारच्या प्लॉटवर चार मजले चढले. आमच्या खिडकीतून हात लांबवला तर त्यांच्या गॅलरीत मीठ देता आलं असतं. सकाळी बाबांच्या खुर्चीवर यायचं ते ऊन बंद झालं. मार्गशीर्षात घरात भर दुपारी दिवा लागायला लागला आणि बाबांना थंडी वाजायला लागली.

डोंबिवलीची थंडी ती केवढी! वरच्या मजल्यावर पंखे चालू असायचे. पण बाबा स्वेटरवर शाल घेऊन बसायचे. मी नवी यादी केली. खिडकीच्या फटींना कागद चिकटवले. ट्यूबचा उजेड गार वाटतो म्हणून शंभरचा पिवळा दिवा लावला. खुर्चीखाली सतरंजी, पायांत लोकरीचे मोजे, शेकायला रबरी पिशवी. ठाण्याहून जाड ब्लँकेट आणलं. डिंकाचे लाडू करून त्याच नव्या डब्यात भरले. घर इतकं उबदार झालं की मला घाम यायचा. चहाचा कप देताना बाबांची बोटं लागायची, ती मात्र गारच.

पौषातल्या एका रविवारी ते बाजारातून आले आणि टेबलावर पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं ठेवली.

"हिच्या सुती साड्या आहेत ना, त्यांची गोधडी करून घेऊ. ठाकुर्लीला एक बाई शिवून देतात. दोरा आणलाय मी. ब्लँकेट टोचतं गं."

यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"बोहारणीला दिल्या, बाबा."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"काय दिलं तिने?"

मी लाडवांच्या डब्याकडे बोट केलं. त्यांनी तो हातात घेतला, झाकण काढलं, परत लावलं.

"घट्ट बसतं," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बोहारणीला मी जिन्यातच गाठलं. "त्या होय?" ती हसली. "त्या कवाच कल्याणला गेल्या, ताई. तिथं फाडून गॅरेजवाल्यांना देतात, हात पुसायला."

माझ्या साड्यांची गोधडी करावी म्हणून कपाट उघडलं. सगळ्या नायलॉनच्या. इस्त्री लागत नाही, झटकन वाळतात म्हणून मीच बघून घेतलेल्या. घरात सुती असं काही उरलं असेल तर पायपुसणी.

बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. रागावले असते तर मला काहीतरी करता आलं असतं. ते ब्लँकेट पायांवर घेऊन पिवळ्या दिव्याखाली बसायचे. चार वाजता मी डबा पुढे करायचे. ते एक लाडू घ्यायचे आणि झाकण दोन्ही हातांनी नीट दाबून बसवायचे.

"आणखी काही हवंय का, बाबा?"

"नको गं. पुष्कळ केलंस."

यादीतल्या सगळ्या ओळींवर काट मारून झाली होती. दोऱ्याची रिळं मी शिवणाच्या पेटीत ठेवली. मग बाहेर काढून पुन्हा टेबलावर ठेवली. कुठे ठेवावीत ते मला कळेना.