आरशाचा खट् आवाज

श्रीगजाननाला वंदन करून, सावद्यास झालेल्या पुतणीच्या विवाहाची आठवण लिहितो. कन्यादानानंतर माझा धाकटा भाऊ केळीच्या खांबाआड तोंड लपवून रडला. क्षणात त्या रडण्याचा फोटो मांडवातल्या मोठ्या पडद्यावर झळकला! मी छायाचित्रकाराला जाब विचारला.

“आबा, मिररलेस कॅमेरा आहे, आत आरसा नाही, म्हणून आवाजच नाही! कोणाला पत्ताही लागत नाही,” तो कौतुकाने म्हणाला.

“चोरालाही तेच हवे असते!” मी संतापलो.

थोरल्या पुतणीच्या लग्नात याच छायाचित्रकाराकडे जुना, साधा डीएसएलआर कॅमेरा होता. अंधारात फोटो धूसर येत; पण आतला आरसा खट् वाजे आणि माणूस सावरून बसे. शेवटी भावासमोरच मी त्याला तो रडतानाचा फोटो काढून टाकायला लावला.

वाचकहो, तुमच्या लेकी सुखाने नांदोत आणि त्यांच्या बापांच्या अश्रूंना आडोसा लाभो.