इमारतींच्या पाठीमागून

आमच्या नगरपालिकेनं बाहेरून येणाऱ्या लोकांसाठी पायी फिरायच्या तीन वाटा आखायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या दोन वाटांना कुणाला फार डोकं खाजवावं लागलं नाही. एक समुद्राच्या कडेकडेनं दीपगृहापर्यंत, दुसरी बाजारातून घंटाघराकडे. तिसरी होती जुन्या इमारतींची. ती आखायला कुणी पुढे येईना, म्हणून पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या एका बाईंना विचारलं गेलं. एकोणतीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले होते. सगळं गाव त्यांना मीटरबाई म्हणतं. त्यांनी एका आठवड्यात वाट आखून दिली.

मग सहाजणांचा एक गट ती वाट चालून आला आणि त्यांनी पत्र लिहिलं. पर्यटन विभागाच्या साहेबांनी ते माझ्यासमोर ठेवलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे : ‘दोन तास चालून आम्ही शहरातल्या सर्व प्रसिद्ध इमारतींच्या मोऱ्या पाहिल्या.’

माझं काम सर्वेक्षणाचं. यंत्र घेऊन वाट चालायची, अंतर आणि चढउतार नोंदवायचे, नकाशावर रेघ उमटवायची.

“एकदा जाऊन बघ,” साहेब म्हणाले. “पंधरा दिवसांत अहवाल दे. तुला नाही पटली तर वाट रद्द. नकाशा दोन वाटांचा छापू.”

मीटरबाई तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. मी खालूनच हाक मारली. त्या कठडा धरून, अंग आडवं करून एकेक पायरी उतरत आल्या. मागून त्यांची नणंद, हातात दोन पिशव्या. मीटरबाईंचे यजमान गेल्यापासून दोघी एकत्र राहतात. नणंद वयानं पाच वर्षांनी मोठी, पण पायानं धडधाकट.

“गुडघा का?” मी विचारलं.

“पुढच्या वीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, चालाल. कुठपर्यंत ते नाही सांगत.”

“म्हणून हिला आत्ता घाई,” नणंदबाई म्हणाल्या. “पाय गेला तर निदान नकाशा राहील. मला चौदा वेळा फिरवलंय ह्या वाटेनं. घड्याळ लावून.”

“वन्सं, तुम्ही मधे मधे बसत होतात म्हणून चौदा वेळा. नाहीतर तिसऱ्यांदाच वेळ नक्की झाली असती.”

“बसू नको तर काय करू? तू काय रीडिंग घ्यायला निघालीस तशी सुटतेस.”

मीटरबाईंनी माझ्या गळ्यातल्या यंत्राकडे पाहिलं. “हे तुमच्या त्या मीटरांचंच भावंड का? आपोआप आकडा पाठवणाऱ्या?”

मी म्हटलं, तसंच काहीसं.

“त्यांनीच माझं फिरणं बंद केलं,” त्या म्हणाल्या. रागानं नाही, माहिती द्यावी तसं. आणि चालू लागल्या.

नाट्यगृहापासून सुरुवात झाली. म्हणजे नाट्यगृहाच्या मागून. सामान चढवायचं मोठं दार, बाजूला उन्हात वाळत घातलेली रंगवलेली झाडं, आणि भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर लोखंडी झाकण. मीटरबाई झाकणापाशी थांबल्या. “इथलं पाणी आठवडाभर झोपून असायचं आणि शनिवार-रविवारी पळायचं. पहारेकरी माझ्यासाठी मध्यंतराचा आकडा टिपून ठेवायचा. नाटक चाललं की पडलं, ते मी त्या पाण्यावरून सांगायची.”

“आणि पेपरात उलटं यायचं,” नणंदबाई म्हणाल्या.

“पेपरवाले समोरून बघायचे ना.”

पुढे ग्रंथालयाची मागची गल्ली. मग न्यायालयाची. तिथल्या शिपायानं टिपलेल्या आकड्यांत म्हणे पाणी नेहमी दुपारी अडीचनंतर वाढायचं आणि त्याचं कारण त्यांना कधीच कळलं नाही. मला मजा वाटत होती, पण अहवालही डोळ्यांसमोर होता. तीन इमारती झाल्या तरी एकीचंही तोंड मी पाहिलं नव्हतं.

“मावशी, न्यायालयाची पुढची बाजू कधी येणार?”

“ती पलीकडे असेल.”

“असेल म्हणजे?”

“मला तिकडे काम नसायचं ना. मीटर सगळे ह्या अंगाला.” त्या थांबल्या. मग जरा ओशाळून म्हणाल्या, “हा माझा गुरुवारचा राउंड. साहेब म्हणाले, जुन्या इमारती दाखवा. सगळ्यात जुन्या इमारती गुरुवारी असायच्या. मी तोच लिहून दिला.”

“जन्म गेला इथं,” नणंदबाई मला म्हणाल्या, “पण जकात कचेरीचं तोंड हिनं धड पाहिलेलं नाही.”

“बसमधून पाहिलंय.”

तेव्हा मला कळलं की ते पत्र लिहिणारे खोटं बोलत नव्हते. मनातल्या मनात मी अहवालाचं पहिलं वाक्यही जुळवलं. मग आम्ही जकात कचेरीच्या मागे पोचलो.

मीटरबाईंनी एक झाकण पायानं सरकवलं. आत पाइप होता, मांडीएवढा जाड. “आतमध्ये एक बेसिन आणि दोन संडास,” त्या म्हणाल्या. “त्याला सहा इंची पाइप. कशाला? मी तीनदा खात्यात लिहून विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘रीडिंग बरोबर आहे.’ रीडिंग मी कुठं विचारलं होतं?”

मी वाकले, आणि तिथून वर बघताना मला दार दिसलं. मागचं दार, कचऱ्याच्या डब्याच्या आड. त्याच्या दगडी चौकटीवर वरपर्यंत वेल कोरलेला होता, मधोमध दोन मासे. दारातून तीन पायऱ्या उतरत होत्या. तिसरी अर्धी डांबरात बुडालेली होती.

“मागच्या दाराला एवढं कोरीव काम कोण करतं?”

“तेच तर,” मीटरबाई म्हणाल्या. “आणि हे बघ.” त्यांनी भिंतीवरचा एक वेल बाजूला केला. कमरेच्या उंचीवर लोखंडी कडं होतं, माझ्या मनगटाएवढं जाड, आतून घासून गुळगुळीत झालेलं. पुढे दहा पावलांवर दुसरं. मग तिसरं. “मी म्हणायची घोडे बांधत असतील.”

“एवढे जाड घोडे?” नणंदबाई म्हणाल्या.

गल्लीच्या टोकापर्यंत मी अकरा कडी मोजली. सगळी एका पातळीत. यंत्राच्या आकड्यांत फरक होता तो चार बोटांचा.

घरी जाण्याऐवजी मी कचेरीत गेले. बंदर खात्याचा एकशेतीस वर्षांपूर्वीचा नकाशा आमच्याकडे कापडावर चिकटवलेला आहे. तो मी संगणकावर घेतला आणि आजच्या नकाशावर बसवला. वर मीटरबाईंची रेघ टाकली. जुन्या नकाशात भरतीच्या पाण्याची हद्द दुहेरी रेषेनं दाखवलेली होती. मीटरबाईंची रेघ सलग सहाशे चाळीस मीटर तिच्यावरूनच जात होती.

मला वाटलं, बसवण्यात चूक झाली. दीपगृह आणि घंटाघर धरून मी पुन्हा बसवला. मग जुनी विहीर आणि किल्ल्याचा बुरूज धरून तिसऱ्यांदा. रेघ तिथंच राहिली.

म्हणजे ती गल्ली कधीकाळी धक्का होती. समुद्र आज तिथून चारशे पावलं लांब आहे, पण तेव्हा पाणी त्या पायऱ्यांना लागायचं आणि कड्यांना होड्या बांधल्या जायच्या. त्या इमारतींची तोंडं समुद्राकडेच होती. पुढे भराव पडला, पलीकडून नवा रस्ता निघाला, लोक तिकडून ये-जा करू लागले, तशा इमारतींनी तिकडे नव्या कमानी आणि खांब लावून घेतले. पाण्याचा पाइप मात्र त्याआधीच आला होता, धक्क्याच्या बाजूनं. तो जाड होता, कारण बोटी तिथं पाणी भरून घ्यायच्या. पाइप जिथं, तिथंच मीटर बसले. आणि मीटर जिथं, तिथं मीटरबाई.

दुसऱ्या दिवशी मी नकाशाची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून रेघेवरून बोट फिरवलं, दोनदा. नणंदबाईंनी चहा ठेवला आणि त्याही वाकून बघू लागल्या.

“बोटी पाणी भरायच्या,” मीटरबाई म्हणाल्या.

“हो.”

“त्यांचं मीटर कुठं होतं?”



साहेब स्वतः बघायला आले ते मीटरबाईंच्या ऑपरेशनच्या आठ दिवस आधी. त्यांनी भरभर चालून सगळं पाहिलं. कड्यातून हात घालून पाहिला. अर्ध्या पायरीवर बूट ठेवून ते बराच वेळ समुद्राच्या दिशेला बघत राहिले, तिथं आता वाहनतळ आहे.

“वाट चांगली आहे,” ते म्हणाले. “पण नुसती नकाशावर छापून भागणार नाही. सांगणारं कुणी नसेल तर लोकांना पुन्हा मोऱ्याच दिसतील. बाई, तुम्ही दर रविवारी गट नेणार असाल तर छापतो. पहिले तीन महिने. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.”

 मीटरबाईंचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. तीन महिने त्यांना एवढं चालता येणार नव्हतं, आणि पुढच्या वर्षी साहेबांच्या खुर्चीत कोण असेल ते साहेबांनाही माहीत नव्हतं.

“ही मुलगी नेईल,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

“हिला रविवारी किल्ल्याची मोजणी आहे,” साहेब म्हणाले. ते खरं होतं.

“मी नेते,” नणंदबाई म्हणाल्या.

मीटरबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “वन्सं, तुम्हाला अजून डावं-उजवं कळत नाही.”

“चौदा वेळा चाललेय. डोळे मिटून नेईन.”

“नाट्यगृहापाशी काय सांगाल?”

“तू मध्यंतरावरून नाटक ओळखायचीस ते. आणि ते निम्म्या वेळा चुकायचं, तेही सांगेन.”

“चुकायचं नाही.”

“साहेब, लिहून घ्या माझं,” नणंदबाई म्हणाल्या. साहेबांनी हसून लिहून घेतलं.

नकाशा तीन वाटांचा छापला गेला. पहिल्या रविवारी माझी मोजणी दुपारपर्यंत पुढे ढकलली गेली, म्हणून मी गेले. नऊजण आले होते. न्यायालयाच्या मागे पोचल्यावर नणंदबाईंनी सगळ्यांना आधी मागच्या पायरीवर दहा मिनिटं बसवलं, कारण त्यांना स्वतःला बसायचं होतं. मग फोन लावून तो हातात उंच धरला. पलीकडे मीटरबाई पलंगावर होत्या, पाय उशीवर.

“कुठं पोचलात?”

“न्यायालय.”

“अजून? मी असते तर जकात कचेरीपाशी असते.”

“तू झोप गं.”

ह्या वाटेनं त्या रविवारी पावणेतीन तास घेतले. जकात कचेरीच्या मागे, नऊपैकी एक बाई त्या तिसऱ्या पायरीपाशी खाली वाकून डांबराच्या कडेला नखानं खरवडू लागल्या. त्यांनी विचारलं, खाली अजून किती पायऱ्या असतील?

नणंदबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे बोट दाखवलं. मग त्यांनी तोच प्रश्न फोनमध्ये विचारला.

“कुणी विचारलं?” मीटरबाई म्हणाल्या. “त्यांना फोन द्या.”