दोन इंच वाढवून

पुरुष गिऱ्हाईक आलं की शिंपीकाकांचं डोकंच फिरायचं. कमरेला टेप लागली रे लागली, की जो तो पोट आत ओढून, श्वास रोखून, छताकडे बघत उभा! शेवटी काका तोंडातल्या तोंडात पुटपुटत वहीत दोन इंच वाढवूनच लिहायचे. पँट झकास बसायची.

परवा त्यांनी स्वतःसाठी पँट शिवली. बटण काही केल्या लागेना. काज करत बसलेल्या बायकोवर ते खेकसले, "कापड आटलंय मेलं!"

"माप कोणी घेतलं?"

"मीच. दुसरं कोण घेणार?"

"मग दोन इंच वाढवले नाहीत?"

"मी काय पोट आत ओढतो?" काका आरशासमोर उसळून म्हणाले, तेही श्वास रोखूनच.