असोद्याची फाइल आणि माझी निळी रेघ

गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलं होतं, आजी, तू तर निवृत्त झालीस, मग सकाळी पर्स घेऊन निघतेस कुठे? तेव्हा मी विषय बदलला होता. काम अर्धवट होतं, आणि अर्धवट कामाबद्दल बोलायची मला सवय नाही. आता ते पूर्ण झालं आहे, म्हणून क्रमाने लिहिते.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार मी जळगावहून बसने असोद्याला जाते आणि तिथल्या हायस्कूलमध्ये नववीच्या मुलींना इंग्रजी शिकवते. माझे वडील दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होते. कॉलनीतून आम्हाला भुसावळच्या इंग्रजी शाळेत पाठवलं, आणि त्या शाळेने मला दोन गोष्टी दिल्या: इंग्रजी आणि लाल पेन. चौतीस वर्षं मी लाल पेनाने वह्या तपासल्या. शुक्रवारी गोळा, सोमवारी परत, त्यात कधी खंड पडला नाही.

असोद्याच्या शाळेत विज्ञानाचे एक तरुण सर आहेत. त्यांनी मुलींकडून केळीवर इंग्रजीत एक पुस्तिका लिहून घ्यायची ठरवली, जिल्ह्याच्या शालेय प्रदर्शनासाठी. पाच मुली, पाच प्रकरणं: लागवड, पाणी, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं, कापणी आणि बाजार. हे सगळं एकाच सामायिक फाइलमध्ये लिहायचं. तुम्हाला यात नवल नाही, पण मला होतं. ती फाइल कुणाच्या वहीत नाही, कुणाच्या फोनमध्ये नाही, कुठेतरी दूर ठेवलेली आहे आणि आम्ही सातही जण आपापल्या घरून ती एकाच वेळी उघडू शकतो. जो लिहीत असेल त्याची एक रंगीत उभी रेघ पानावर दिसते आणि तिच्यावर त्याचं नाव. सरांची रेघ लाल होती. माझी निळी, आणि तिच्यावर नुसतं ‘बाई’.

मला ती फाइल फार आवडली. संध्याकाळी सहाला मी चहाचा कप घेऊन टेबलाशी बसायची आणि फाइल उघडायची. समोर मुलींची वाक्यं उमटत असायची आणि मी त्यांच्या मागोमाग जाऊन दुरुस्त करत असायची. चूक झाली, की पुढचा शब्द यायच्या आत नीट. सोमवारची वाट बघायला नको. एवढी सोय मला चौतीस वर्षांत मिळाली नव्हती, आणि मी सरांना तसं सांगितलंही. ते नुसते हसले.

कापणीचं प्रकरण ज्या मुलीकडे होतं, ती पाचजणींत सगळ्यांत चलाख. वडिलांची केळीची बाग, आणि चालायला लागल्यापासून ती त्यांच्यामागे कापणीला जायची. दिवाळीनंतर तिच्या मामाचा पाय मोडला. मामाचं धुळ्यापलीकडे सोनगीरला हायवेवर हॉटेल आहे, ते सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. बाग काकांच्या हवाली करून आईवडील तिकडे गेले आणि ही पण गेली. तिचं नाव तिथल्या शाळेत घातलं.

हेडसर म्हणाले, मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात गेली, आता ते प्रकरण दुसरीला द्या. सरांनी आणि मी त्यांना समजावलं, की फाइल असोद्यात जशी उघडते तशीच सोनगीरलाही उघडते. प्रदर्शनाच्या नियमांत अडचण नव्हती, आम्ही विचारून घेतलं होतं. शेवटी ते कबूल झाले, पण अटीवर. लिहीत असेल तोवर नाव ठेवा. महिनाअखेरीला यादी जाईल, त्याआधी प्रकरण पूर्ण झालं नाही तर नाव काढायचं.

पहिला आठवडा तिने लिहिलं. मग रोज दोन ओळी, मग एक, मग दहा दिवस काही नाही. शाळेत बाकीच्या चौघींनी आपापले निष्कर्ष काढले. एक म्हणाली, तिला हॉटेलात पोळ्या लाटायला बसवलं असेल. दुसरी म्हणाली, तिचे वडील फोन देत नसतील. मला दुसरं पटलं. त्या गृहस्थांना मी पालकसभेत पाहिलं होतं, उंच, कमी बोलणारे, हाताची घडी न सोडणारे. सर म्हणाले, फोन करून बघू. मी म्हटलं, असल्या गोष्टी फोनवर होत नाहीत, आणि रविवारी सकाळची धुळ्याची बस धरली.

बसमध्ये मी एका कार्डावर तीन मुद्दे लिहून काढले. एक, मुलीची बुद्धी. दोन, जिल्ह्यापर्यंत जाण्याची संधी. तीन, रोजचा फक्त एक तास. धुळ्याला शिरपूरची बस मिळाली आणि अकराच्या सुमारास मी सोनगीरला उतरले. मागे किल्ल्याचा डोंगर, रस्त्यावर पितळी भांड्यांची दुकानं आणि पुढे ते हॉटेल. वडील गल्ल्याशी उभे होते. मला पाहून बाहेर आले, खुर्ची पुसून दिली आणि माझे तिन्ही मुद्दे उभ्यानेच ऐकून घेतले. माझं संपल्यावर म्हणाले, “बाई, मी कायले आडवू तिले? सहा ते सात मोबाईल तिच्याच हाती अस्तो. मी तर गिऱ्हाइकाचाही फोन घेत नाही तेव्हा.”

माझ्या हातात कार्ड तसंच राहिलं.

बाजूच्या खाटेवर मुलीची आजी, आईची आई, मेथी निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “पोरगी हुशार शे, बाई. पण तुमले घाबरस.”

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. मी विचारलं, मी तुला कधी रागावले का? तिने नाही म्हटलं. मग काय झालं, म्हटल्यावर तिने तांब्या खाली ठेवला, वडिलांचा फोन आणला आणि फाइल उघडून माझ्यापुढे धरली.

“बाई, मी एक शब्द लिहिते आणि तुमची निळी रेघ येऊन उभी राहते,” ती म्हणाली. “दुसरा लिहायच्या आत पहिला बदललेला असतो. म्हणून मी आधी वहीत लिहून बघते, चुकणार नाही ना. मग ते वहीतच राहतं.”

मी म्हटलं, बाकीच्या मुली तर लिहितात. त्यावर ती वडिलांकडे बघत राहिली. त्यांनी मान हलवल्यावर सांगितलं, की हल्ली मुलींचा फोनवर एक ग्रुप आहे. मी चहा संपवून, फाइल बंद करून देवळात गेले, की माझी रेघ दिसेनाशी होते, त्यावर ‘बाई गेल्या’ असा मेसेज पडतो आणि मग सगळ्या लिहायला बसतात. हिच्याकडे फोन फक्त सहा ते सात. नेमका माझ्या चहाचा तास.

वडील तोंडावर हात ठेवून हसले. मग मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तिने वही आणली. चौदा पानं भरलेली होती. कापणीचं सबंध प्रकरण त्यात होतं, विळा कसा धरायचा इथपासून घड खांद्यावर कसा घ्यायचा इथपर्यंत. मी ते वाचत असताना सवयीने पर्समध्ये पेन शोधायला लागले. आजीची मेथी थांबली. मी हात बाहेर काढला.

परतीच्या बसमध्ये मला तुमची पत्रं आठवली. तुम्ही लहान असताना मला पत्रं पाठवायचात, आणि मी ती लाल शाईने दुरुस्त करून, खाली एक छान शेरा देऊन, परत पाठवायची. सहा पत्रं आली. सातवं आलं नाही, तेव्हा मी तुमच्या बाबाला म्हटलं होतं, की पोस्टाचं काही खरं नाही. ते वाक्य मी आज मागे घेते.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचं मला वाटलं. ते इतके दिवस का बोलले नाहीत म्हणून विचारलं, तर म्हणाले, “बाई, तुम्हाला कोण सांगणार?” त्यांनी फाइलमध्ये काहीतरी बदल केला. आता मला मुलींच्या मजकुरात हात घालता येत नव्हता, फक्त समासात सूचना लिहिता येत होत्या. त्यावर मी माझा नियम घातला: एका प्रकरणाला तीन सूचना, चौथी नाही. आणि सहा ते सात फाइल उघडायची नाही.

पहिल्या संध्याकाळी सहाला मी मसाल्याचं कपाट आवरलं. साडेसहाला परत आवरलं. सातला फाइल उघडली तेव्हा कापणीची दोन पानं आलेली होती. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. बाकीच्या मुलींना आठवडाभर विश्वास बसला नाही, मी दुसऱ्या कुठल्या रंगाने येऊन बसते की काय असं त्यांना वाटत होतं. महिना संपायच्या चार दिवस आधी चौदाच्या चौदा पानं फाइलमध्ये होती. हेडसरांनी ती वाचली आणि यादीवर पाच नावं लिहून सही केली.

प्रदर्शन जळगावला होतं. चौघी तिथे होत्या. पाचव्या मुलीच्या सोनगीरच्या शाळेत त्याच दिवशी चाचणी परीक्षा, म्हणून तिला येता आलं नाही. पण पेपर झाल्यावर तिच्या नव्या वर्गशिक्षकांनी तिला संगणकाच्या खोलीत बसू दिलं आणि तिने फाइल उघडून ठेवली. आमच्या टेबलावर पडदा, पडद्यावर फाइल आणि पुढे केळीचा एक भलामोठा घड. तो तिच्याच बागेतला होता. काकांनी आदल्या दिवशी कापून दिला होता.

परीक्षक म्हणून शेतीचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते. त्यांनी पुस्तिका चाळली, लागवडीवर विचारलं, पाण्यावर विचारलं. चौघींनी इंग्रजीतून चांगली उत्तरं दिली. मग ते म्हणाले, घड कापायला आला हे कसं ओळखता? महिने मोजून?

चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पोळ्या लाटण्याबद्दल बोललेली मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, “सर, हे आमच्या मैत्रिणीला विचारा.”

“कुठे आहे ती?”

“फाइलमध्ये.”

आजूबाजूचे लोक हसले. तिने प्रश्न फाइलमध्ये टाइप केला. मग पडद्यावर एक हिरवी रेघ आली आणि तिच्यामागे शब्द येऊ लागले. इंग्रजीत होते, मी मराठीत सांगते. ‘माझे वडील दिवस मोजत नाहीत. मधल्या फणीतल्या केळाच्या कोपऱ्यावर, म्हणजे सालीच्या उभ्या कंगोऱ्यावर, ते अंगठा ठेवतात. कोपरा अंगठ्याला लागला, तर थांबतात. केळ भरून कोपरा गेला असेल, तर कापतात.’

पहिल्या वाक्यात एक चूक होती आणि तिसऱ्यात दोन. माझ्या हातात फोन होता, फोनवर फाइल होती आणि समासात सूचना लिहायची मुभा होती. शेजारी उभे असलेले सर पडद्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होते. मी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर सरकवला, टेबलावरच्या घडाशी गेले आणि मधल्या फणीवर अंगठा ठेवला. मग दुसऱ्या केळावर ठेवून बघितला. “याला अजून कोपरा आहे,” ते म्हणाले.

टेबलाशी उभ्या मुलीने तेही टाइप केलं. सोनगीरहून लगेच उत्तर आलं: ‘मग घाई झाली. कुणी कापला?’

‘तुझ्याच काकांनी.’

हिरवी रेघ जरा वेळ जागच्या जागी लुकलुकत राहिली. मग शब्द आले: ‘पप्पांना सांगते.’

सगळं दालन हसलं. प्राध्यापक तर घडावर हात ठेवून हसत होते. जाताना त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा एकदा अंगठा लावून बघितला.

पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. प्रमाणपत्रावर पाच नावं आहेत. संध्याकाळी साडेसातला मला त्या मुलीच्या वडिलांचा फोन आला. ते आभार मानतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी आधी विचारलं, की घड कोणत्या बाजूच्या रांगेतला होता, कारण त्यांना भावाशी बोलायचं होतं. मग म्हणाले, “बाई, तिनं काय लिहिलं म्हने माह्या अंगठ्याचं, ते जरा वाचून दाखवा.”

मी फाइल उघडली आणि जसं होतं तसं वाचून दाखवलं, एकेका वाक्याचा मराठीत अर्थ सांगत. त्यांनी ते दोनदा ऐकलं.