दुधाबरोबर लोह

२०१६ साली मी तलासरीच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होतो आणि डहाणूला घरी आल्यावर बायकोला. तिला सातवा महिना लागला तेव्हा रक्तातलं लोह फारच कमी निघालं. "असंच राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी घाबरलो. पण घाबरलेला शिक्षक गप्प बसत नाही, तो जास्तच शिकवतो.

लोहाशिवाय रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हे मी तिला भाजी निवडताना सांगितलं, वेणी घालताना सांगितलं. गंजाडहून नागली म्हणजे नाचणी आणली, भाकरीसाठी लोखंडी तवा आणला. "काळजी एवढी आहे तर तवाही तुम्हीच घासा," ती म्हणाली. लोहाची गोळी मात्र मी माझ्या हातानेच द्यायचो, आशागडच्या गोठ्यातल्या दुधाच्या पेल्याबरोबर. बाळाच्या हाडांना कॅल्शियमही हवंच की! एका दगडात दोन पक्षी.

नवव्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. आकडा जिथल्या तिथे.

"गोळी एकदाही चुकली नाही," मी तोऱ्यात म्हणालो. "मी स्वतः दुधाबरोबर देतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो सर, दुधातलं कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही. शाळेत काय शिकवता तुम्ही?"

"भूगोल," मी म्हणालो.

बायको फिस्सकन हसली.

कॅल्शियम मी शिकवायचो, लोहही शिकवायचो, पण वेगवेगळ्या धड्यांत. दोन्ही एकाच वेळी पोटात गेली तर काय होतं, हे परीक्षेला कधी आलं नव्हतं.

मग गोळी लिंबाच्या सरबताबरोबर सुरू झाली, पण दिवसच उरले नव्हते. एका सकाळी मुलगी झाली आणि पाठोपाठ बायकोचा रक्तस्राव थांबेना. मी बाही वर करून रक्तपेढीत धावलो.

"तुमचा गट त्यांना जुळत नाय," तिथला माणूस म्हणाला. "तुमचं दुसऱ्या कोणाला लागेल. त्यांना आपल्याकडची पिशवी देतो."

कोणाचं होतं ते रक्त, मला आजही ठाऊक नाही. मला जे लोह तीन महिन्यांत तिच्या अंगात घालता आलं नाही, ते त्या अनोळखी माणसाचं थेंबाथेंबाने तिच्या हातात उतरत होतं. ती जाईल या भीतीने मी एकेक थेंब मोजत होतो. दुपारी तिच्या ओठांवर जरा रंग आला. तिने डोळे उघडले.

"मुलगी कोणासारखी आहे हो?"

मला सांगता येईना. सकाळपासून मी त्या पिशवीवरून नजर हटवली नव्हती. मुलीला बघायचं राहूनच गेलं होतं.