तीन महिन्यांची साखर

माझी बायको पुण्याला गेली ती तीन महिन्यांसाठी. मुलीची बाळंतपणाची सुट्टी संपली होती, घरात बाळ सांभाळायला कुणी नव्हतं, आणि एवढ्याशा जिवाला पाळणाघरात टाकायचं नाही हे मायलेकींनी मला न विचारताच ठरवून टाकलं होतं. मी जा म्हणालो. नाही म्हणायला कारणही नव्हतं. त्याला आता वर्ष होत आलं. अड्याळजवळच्या आमच्या गावातल्या घरात सध्या मी, माझा डायबिटीस आणि मिक्सर असे तिघं राहतो.

नोकरी पाटाच्या पाण्याची होती. तलावाच्या पाळीवरून फिरायचं, कुणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी गेलं ते पाहायचं, त्यावरून होणारी भांडणं मिटवायची. आयुष्य पायी गेलं तोवर पोटभर भात पचला. निवृत्त होऊन खुर्चीत बसलो आणि साखर मागे लागली. पवनीच्या डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या दिल्या, सोबत व्हिटॅमिनच्या दिल्या आणि वर म्हणाले, भात कमी करा. आमच्याकडच्या माणसाला भात कमी करा म्हणतात म्हणजे काय, माझं दोन दिवस त्यांच्यावर डोकं फिरलेलं होतं. गुडघ्यांमुळे लांब चालणं बंद झालं होतं, म्हणून व्यायामही घरातच करायला सांगितला.

तो व्यायाम बायकोनं मनावर घेतला. तिच्या वडिलांचा पाय याच रोगानं गेला होता, त्यामुळे या बाबतीत तिच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवले. ते पाहून ती पदर खोचून ओसरीत माझ्यासमोर उभी राहायची आणि मी करीन ते सगळं स्वतःही करायची. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. भिंतीला हात लावून छाती पुढे न्यायची. टाचा उचलायच्या. आकडे ती मोजायची, आणि मी अंगचोरपणा केला की मोजलेले आकडे परत मागे न्यायची. सतरानंतर एकदम बारा यायचे.

"हे काय व?" मी विचारायचो.

"मंगाचे मी धरलेच नाही. खुर्चीले पाठ टेकवून राहिले न तुमी."

शेजारच्या बाया कुंपणावरून पाहून हसायच्या. मला लाज वाटायची, तिला काही वाटायचं नाही. आता मी एकटा मोजतो तेव्हा सतरानंतर अठराच येतात. कुणी मागे नेत नाही. इतकं ओकंबोकं वाटतं की कधी कधी मधेच थांबून जातो.

सकाळच्या प्रोटीन शेकचीही तीच गत. मुलीनं पुण्याहून प्रोटीन पावडरचा डबा धाडला होता. बायकोनं झाकण उघडून वास घेतला, डब्यावरची बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली आणि डॉक्टरांना दाखवायला लावला. डॉक्टर म्हणाले, घरचं जमत असेल तर घरचंच घ्या. तिला तेच ऐकायचं होतं. फुटाण्याची डाळ, आमच्याच शेतातला भाजलेला जवस, मूठभर शेंगदाणे, ताक, जिरं. हे सगळं मिक्सरमधून काढून पेल्यात ओतायची आणि म्हणायची, "घ्या, तुमचा गारा." रंग खरंच भिंत बांधायच्या चिखलासारखा. पहिल्या दिवशी तो घशाला चिकटून बसला होता. आता सकाळी त्याच्याशिवाय चैन पडत नाही, पण माझ्या हातचा तिच्यासारखा होत नाही. जवस किती भाजायचा हे फोनवर विचारलं तर म्हणते, "वास आला का काढायचा." कोणता वास, ते तिला सांगता येत नाही. मी रोज कढईवर नाक धरून उभा असतो.

तर ही झाली माझी दिनचर्या. मी तसा हट्टी माणूस. ती गेल्यावर तिच्यामागे ढिलाई केली असं कुणी म्हणू नये म्हणून सगळं चोख ठेवलं. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं असतं, त्यात मागच्या तीन महिन्यांची साखर कळते. पहिल्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुमी तं एकटेच मस्त सांभाळून राहिले. मग आईले अजून राहू देऊ का?" मी म्हणालो, राहू दे. दुसरा रिपोर्ट त्याहून चांगला आला, आणि पुन्हा तेच बोलणं झालं. मी जितका शहाण्यासारखा वागतो तितका तिचा मुक्काम वाढत जातो, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

तिचा फोन रोज संध्याकाळी यायचा. शुगर किती, गोळी घेतली का, ताट दाखवा. मी ताट दाखवायचो. मग मी विचारायचो, बाळ काय करून राहिलं. ती बाळ दाखवायची. झालं बोलणं. इतकी वर्षं एका घरात काढली, पण मनातलं तोंडावर बोलायची आमच्यात रीतच नव्हती. एका घरात राहताना त्याची गरज पडत नाही. फोनवर मात्र बोललं नाही तर काहीच उरत नाही.

यंदा नवं धान घरात आलं तेव्हा तिसऱ्या तपासणीला अजून अवकाश होता. माझ्या मनात आलं, तोवर रोज भात हाणावा. साखर वाढेल, मुलगी घाबरेल, बायको पहिल्या गाडीत बसेल. एका दुपारी खरंच गंजभर, म्हणजे मोठं पातेलं भरून, भात शिजवला. नव्या तांदळाचा वास घरभर झाला. ती वाढायची तेवढा खाल्ला, मग आणखी वाढून घेतला. आणि तो घास काही खाली उतरेना. तिच्या वडिलांचा पाय गेला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली ती मला आठवली. ती मला घरी हवी होती, पण तशी भ्यायलेली नको होती. उरलेला भात शेजारच्या गाईला घातला आणि घरी येऊन, राग राग करत, टाचा उचलल्या.

तिसरा रिपोर्ट आला तो सगळ्यात चांगला. संध्याकाळी मी तो मुलीला वाचून दाखवला. ती आनंदानं म्हणाली, "कमाल केली बाबा. आता उन्हाळ्यापर्यंत तरी आईले तुमची काळजी नाही." मी हो म्हणालो. बाळ रडायला लागलं म्हणून तिनं फोन आईकडे दिला आणि आत गेली.

बायकोला अजून व्हिडिओवर फोन धरता येत नाही. मला तिचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसत होता. ती मग हळूच म्हणाली, "इतकी चांगली काहून आली जी?"

"तू सांगतलं तसंच तं करतो."

"मले वाटलं या खेपेस वाढंल थोडीशी. सुटकेस खाली काढून ठेवली होती मी."

मी म्हणालो, "साखर वाढली नाही. पन तू ये."

"अन् पोरीले काय सांगू?"

"सांग, माह्या नवऱ्याले करमत नाही म्हून."

कपाळ दिसेनासं झालं, नुसता पंखा फिरत राहिला. तिनं फोन खाली ठेवला असावा. मग पदरानं नाक पुसल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तिनं मुलीला हाक मारली.