‘जेवलंय’ म्हणणारी यमूआत्या

यमूआत्या आज सकाळी गेली. उपाशी गेली.

हे लिहायला लाज वाटते, कारण ती आमच्याच घरामागच्या परड्यातल्या खोलीत राहत होती.

मी चौथी पास माणूस. एका बोटाने टाईप करतो. चुकलं-माकलं समजून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

आत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. शंभरीला टेकली होती. तिने मला ही गोष्ट कितीतरी वेळा सांगितली, आणि दर वेळी शेवटी एकच म्हणायची, “माज्या तोंडानं आयशीचा घात केलान.”

तिची आई सगुणा. पूर्णगडाच्या अलीकडे, खाडीकाठच्या आमच्या वाडीतली सून. नवरा बोटीवर खलाशी म्हणून गेला. आधी पत्रं यायची. मग थांबली.

मेल्याची खबर नाही म्हणून ती विधवा नव्हे. परत येत नाही म्हणून हळदीकुंकवाला बोलवायचं नाही.

सासरच्यांनी, म्हणजे आम्हीच, तिला पोरीसकट मागच्या मांगरात, गवत-लाकडं ठेवायच्या खोपटात काढली. गवताचं छप्पर, एक चूल. ओहोटीला खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायची, लोकांचं भात कांडायची. पेजेची वाटी कुणी दिली नाही.

साल आत्याला आठवत नव्हतं. एकोणीसशे तिसाच्या पुढचं असावं. इंग्रजांचं राज्य होतं.

त्या वर्षी वाडीत बातमी आली. सरकारातून निराधार बायांना सुईणकाम शिकवणार. रत्नागिरीत ठेवून घेणार, लेकरासकट. शिकली की गावोगावच्या बाळंतपणाला तिलाच नेमणार.

सगुणाने शाळेतल्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला. अंगठा उठवला. तेव्हापासून रोज रात्री पोरीला सांगायची, “यमू, रत्नांग्रीला तुला शाळेत घालीन गो.”

मग निरोप आला. अर्ज तपासणाऱ्या कमिटीचा साहेब घर बघायला येणार. इन्स्पेक्शन.

आणि इथे आमच्या वाडीने घात केला. प्रेमाने केला, हे जास्त वाईट.

साहेब आपल्या वाडीत येतोय! जिने कधी सगुणाच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं ती माझी आजी, सगुणाची थोरली जाऊ, स्वतः घासलेली पितळेची घागर घेऊन आली. कुणी चटई आणली, कुणी कपबशी. मास्तरांची खुर्ची आली. मांगर शेणाने सारवला, दारात रांगोळी.

आजी म्हणाली, “सगुणे, माझं लुगडं नेस. त्या चिंध्यांत सायबापुढं उभी राह्यलीस तर घरान्याला नाव ठेवतील.”

“पन वैनी, तो गरिबीच बगायला येतोय ना?”

“गरीब हायस ते कागदावर लिवून दिलंस ना? मग परत कशाला दाखवायचं?”

सगुणा लुगडं नेसली. आयुष्यात पहिल्यांदा जावेने तिच्या अंगाला लुगडं लावून बघितलं होतं. ती कशी नाही म्हणणार?

साहेब आला. खुर्चीत बसला. घागर बघितली, रांगोळी बघितली, चहा प्यायला. जात्याच कनवाळू माणूस, आत्या सांगायची. त्याने यमूला जवळ बोलावलं.

“काय ग, आज काय जेवलीस?”

ही आठ वर्षांची. सकाळी कण्यांची पातळ पेज प्यायलेली. तीही आईच्या वाटणीची.

पण आमच्याकडे पोरांना बोलायला येतं तेव्हाच शिकवतात, परक्याने विचारलं की ‘जेवलंय’ म्हणायचं. आपलं पोट दुसऱ्याला दाखवायचं नाही.

तिने आईकडे बघितलं. आईचे डोळे भरलेले. हिला वाटलं, मी नीट बोलावं म्हणून बघते.

“जेवलंय. भात नि बांगड्याचं कालवन.”

“पोटभर?”

“दोनदा घेतलंय.”

वाडी खूश. आजीने पोरीच्या गालावरून हात फिरवला. साहेबाने हसून काहीतरी लिहिलं.

सगुणाने तोंड उघडलं नाही. पोर खोटं बोलते म्हणावं तर पोरीची लाज, भांडी उसनी म्हणावी तर जावेची.

दिवेलागणीच्या आत सगळं परत गेलं. घागर, चटई, खुर्ची. लुगडंसुद्धा. जाताना आजी म्हणाली म्हणे, “बग, कसं झोकात झालं!”

महिन्याभराने कागद आला. मास्तरांनी वाचून दाखवला. कुटुंब सुस्थितीत, मदतीची गरज दिसत नाही.

पुढच्या वर्षी यमूला मुंबईत एका घरी भांडी घासायला पाठवली. इकडे सगुणा तापाने मांगरातच वारली. पोरीला कळलं तेव्हा बारावं झालेलं.

जन्मभर लोकांच्या भांड्यांत हात घालून म्हातारपणी आत्या परत आली. मांगराच्या जागी आम्ही स्लॅबची खोली बांधलेली. तिथेच राहिली. लग्न नाही, कुणी नाही. जेवण माझ्या सुनेच्या वेळेवर.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. निराधार वृद्धांच्या योजनेचा सर्व्हे, हातात टॅबलेट. लाघवी पोरगी.

“आजी, जेवलात का? कोण बघतं तुम्हाला?”

त्या दिवशी दुपारी दोन वाजेपर्यंत तिला कुणी ताट नेलं नव्हतं. मला माहीत होतं.

आत्याने माझ्याकडे बघितलं.

“जेवलंय गो. भात नि बांगड्याचं कालवन. दोनदा घेतलंय.”

मी हे वाक्य तिच्या गोष्टीत कितीतरी वर्षं ऐकत आलो. मला तिथल्या तिथे बोलता आलं असतं.

मी काय केलं सांगू?

मी पोरीला बसायला चांगली खुर्ची आणली. सोनेरी काठाच्या कपातून चहा दिला. आणि वर म्हणालो, “आमच्याकडे हिला काही कमी नाही हो.”

परवा मेसेज आला. अपात्र.

तिला वाचून दाखवला नाही. पण तिने ओळखलं असावं. काल संध्याकाळी ताट तसंच परत आलं.

आत्या, वर कुणी विचारलं तर खरं सांग गो. भूक लागली म्हण.

तुझ्या उसन्या घागरीच्या घरातला,
तुझा भाचा. हात जोडतो.